बॅटरी नसलेला सेन्सर : एनएफसी चिपवर वीज आणि मोजमाप

तांब्याची तार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले दोन पावसाळे मी ज्या कामात गुंतलो होतो, त्याची हकीकत इथे सविस्तर मांडतो आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घराची पश्चिमेकडची भिंत जांभ्याची आहे आणि दर वर्षी आषाढात ती ओल धरते. दिवाळीनंतर रंग दिला तरी पुढच्या पावसाआधीच पोपडे सुटू लागतात, कारण वरून कोरडी दिसणारी भिंत आतून वाळलेली नसते. ती आतून किती वाळली आहे हे रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी कळावे, एवढीच माझी गरज होती. त्यासाठी गिलाव्याच्या आत आर्द्रतेचा सेन्सर पुरायचे ठरवले. बॅटरीवरचा सेन्सर पुरला असता तर दोन-तीन वर्षांनी सेल बदलायला भिंत फोडावी लागली असती, आणि वायर बाहेर काढली असती तर तिच्याच भोकातून पाणी आत गेले असते. म्हणून मी एनएफसीकडे, म्हणजे मेट्रोच्या कार्डात असते त्या अगदी जवळून बोलणाऱ्या बिनतारी तंत्राकडे वळलो.

मेट्रोच्या कार्डात सेल नसतो, तरी ते बोलते. फाटकावरचे यंत्र १३.५६ मेगाहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, कार्डातील तांब्याच्या वेटोळ्यात त्यामुळे विद्युतदाब उत्पन्न होतो, त्यावर चिप जागी होते आणि स्वतःचा भार कमी-जास्त करून उत्तर देते. तो बदल यंत्राला आपल्या वेटोळ्यात जाणवतो. आपल्या खिशातला फोन हेच क्षेत्र निर्माण करतो. काही चिपमध्ये याच्या पुढची एक सोय असते : स्वतःची गरज भागवून उरलेली वीज त्या चिप आपल्या एका पायावर (पिनवर) बाहेर देतात. एसटी कंपनीची एसटी२५डीव्ही मालिका आणि एनएक्सपीची एनटॅग आयटूसी प्लस या त्यांपैकी सहज मिळणाऱ्या दोन. त्या पायावर एक मायक्रोकंट्रोलर (चिपच्या रूपातला लहान संगणक) आणि एक सेन्सर सुखाने चालतो. फोन टेकवला की वीज येते, मोजमाप होते, आकडा चिपच्या स्मृतीत लिहिला जातो, फोन तो वाचतो, आणि फोन बाजूला घेतला की सगळे पुन्हा निपचित पडते.

मी ४ किलोबिट स्मृतीची एसटी२५डीव्ही घेतली. तिच्या आत २८.५ पिकोफॅरडचा कपॅसिटर असतोच, आपल्याला फक्त जुळणारे वेटोळे द्यायचे असते. १३.५६ मेगाहर्ट्झवर अनुनाद साधण्यासाठी, म्हणजे वेटोळ्याने याच वारंवारितेला सर्वाधिक प्रतिसाद द्यावा यासाठी, हिशेबाने वेटोळ्याचे इंडक्टन्स ४.८३ मायक्रोहेन्री लागते. ४० मिलिमीटर बाजूच्या चौकोनात अर्ध्या मिलिमीटरची पट्टी आणि तेवढेच अंतर ठेवून १० वेढे काढले, तर सूत्राने बरोबर एवढाच आकडा येतो. मी लगेच तसे पीसीबी (तांब्याच्या पट्ट्या छापलेली सर्किटची पाटी) करून घेतले आणि पहिली चूक तिथेच झाली. पट्ट्यांची आपापसांतली आणि सोल्डरच्या जागांची मिळून तीन-चार पिकोफॅरड धारिता (कपॅसिटरसारखी साठवणक्षमता) आपोआप जमा होते, ती मी हिशेबात धरलीच नव्हती; त्यामुळे अनुनाद खाली सरकला आणि फोन अगदी चिकटवल्याशिवाय चिप जागी होईना. दुसऱ्या खेपेस ९ वेढे घेतले, इंडक्टन्स ४.३ मायक्रोहेन्रीवर आले आणि गणित जुळले. जे कोणी हे करून पाहतील त्यांनी एक वेढा कमीच ठेवावा, कारण कपॅसिटर वाढवता येतो, पण पीसीबीवर छापलेला वेढा सहजी काढता येत नाही.

विजेचा हिशेबही सांगतो. संपर्करहित कार्डांच्या मानकात क्षेत्राची किमान तीव्रता १.५ अँपिअर प्रति मीटर धरली आहे. तेवढ्या क्षेत्रात माझ्या वेटोळ्यात साधारण १.४ व्होल्ट उत्पन्न होतात आणि अनुनादामुळे ते कित्येक पटींनी वाढून चिपला मिळतात. मी वापरलेला एसएचटी४० हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर एका अचूक मोजणीला सुमारे ८ मिलिसेकंद घेतो आणि तेवढा वेळ अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी वीज ओढतो. मायक्रोकंट्रोलर धरून सगळे मिळून १ मिलिअँपिअर, ३ व्होल्ट आणि ३० मिलिसेकंद मानले, तर एका मोजमापाला ९० मायक्रोज्यूल पुरतात. फोन हे सहज देतो.

यातही दोन ठिकाणी माझे दिवस वाया गेले. वीज देणाऱ्या पायावर मल्टिमीटर शून्य दाखवत होता आणि मी पूर्ण एक संध्याकाळ सोल्डरिंग तपासत बसलो. प्रत्यक्षात कारखान्यातून आलेल्या चिपमध्ये ही सोय आपणहून सुरू होत नाही, चिप जागी होताच वीज बाहेर यावी यासाठी तिच्या आतल्या नोंदवहीतला (रजिस्टरमधला) एक बिट बदलावा लागतो. दुसरे म्हणजे, वीज साठावी म्हणून मी त्या पायावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. फोन थोडा दूर असला की तो इतका हळू भरे की मायक्रोकंट्रोलर अर्धवट दाबावर उठे, लगेच कोलमडे आणि पुन्हा उठे. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा केल्यावर हा त्रास थांबला. त्या पायावरचा दाब नियंत्रित नसतो, म्हणून सेन्सरच्या आधी लहान रेग्युलेटर अवश्य लावावा.

टेबलावर सगळे उत्तम चालले. पाटी भिंतीत बसवली, गवंड्याने वरून गिलावा केला, आणि दुसऱ्या दिवशी फोन टेकवला तर काहीच नाही. चार दिवस वाळू दिले, तरी काहीच नाही. शेवटी गवंड्याला विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, “जांभा आणि काँक्रीटच्या जोडावर कोंबडीजाळी मारली नाही तर भेग पडते, म्हणून मारली.” माझी पाटी त्या लोखंडी जाळीवर जेमतेम पाच मिलिमीटर पुढे होती. जाळीच्या प्रत्येक षटकोनात फोनच्या क्षेत्राने भोवरी प्रवाह (धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह) उत्पन्न होत होते आणि ते मूळ क्षेत्रालाच मारत होते. गवंड्याचे काम चोख होते, जागा मी चुकीची निवडली होती. ती पाटी आजही भिंतीत आहे. दुसरी पाटी जोडापासून दीड हात दूर बसवली.

दुसऱ्या पाटीचीही एक गोष्ट सांगायची राहिली आहे, पण आधी मंडळींनी प्रश्न विचारावेत.

भिंगरी

अतिशय उपयुक्त लेखन. माझे दोन प्रश्न आहेत. जांभ्यात लोह भरपूर असते, त्याचा रंगच ते सांगतो. मग जाळीने जे झाले तेच जांभ्याने होत नाही का? आणि दुसरे असे की टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचे फास्टॅग कितीतरी मीटरवरून वाचले जाते, त्यातही सेल नसतो, मग आपल्याला फोन भिंतीला टेकवावा का लागतो? हाच सेन्सर खोलीच्या दारातून वाचता आला तर किती बरे होईल.

तांब्याची तार

भिंगरीताई, जांभ्यातले लोह ऑक्साइडच्या रूपात असते, म्हणजे गंजाच्या जातीचे. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून भोवरी प्रवाह तयार होत नाहीत. मी जांभ्याची सुटी चीर मधे धरून वाचून पाहिले. कोरडी असताना फरक जवळजवळ पडला नाही. ओली चीर मात्र त्रास देते, आणि त्याचे कारण पाणी आहे.

फास्टॅगचे तंत्र वेगळे आहे. ते आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. तिथे नाक्यावरच्या अँटेनातून निघालेली लहर दूरवर प्रवास करते आणि टॅग ती परतवून उत्तर देतो. १३.५६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २२ मीटर आहे, आणि आपण तिच्या तुलनेत अगदी अंगाशी, जवळच्या चुंबकीय क्षेत्रात असतो. लहर म्हणून काही पाठवलेच जात नाही. एखाद्या ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांपासून अलग करून मधे हवा ठेवावी, तसे हे आहे. वेटोळ्याच्या त्रिज्येहून बरेच दूर गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाने घटते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठवा हिस्सा उरते, आणि वीज क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती चौसष्टावा हिस्सा उरते. मोठ्या वेटोळ्याचे वाचनयंत्र आणून हात-दीड हात मिळवता येईल, पण फोनमधले वेटोळे दोन-तीन बोटांएवढे असते, त्याच्याकडून तेवढी अपेक्षा करता येणार नाही. उलट बाजू अशी की फास्टॅगसारख्या टॅगला इतक्या दुरून मिळणारी वीज मायक्रोवॅटमध्ये मोजतात. ती ओळखक्रमांक सांगण्यापुरती असते. एनएफसीत अंतर गेले, पण त्या बदल्यात मिलिवॅट मिळाले. माझ्या कामाला मिलिवॅट हवे होते.

ग्राझकर

मी ऑस्ट्रियात ग्राझला असतो आणि अँटेना जुळवणे हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. संपर्करहित कार्डांच्या क्षेत्रात या शहराचे नाव जुने आहे; मायफेअर हे कार्ड १९९४ साली इथल्याच मिक्रॉन कंपनीतून बाहेर पडले. धागाकर्त्यांनी वेढा कमी ठेवण्याचा जो सल्ला दिला आहे, तो आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात देतात.

दुसऱ्या पाटीचे काय झाले असेल याचा मला अंदाज आहे. ओल्या गिलाव्यात वेटोळ्याच्या पट्ट्यांमधली धारिता वाढते, कारण पाण्याची विद्युत-पारगम्यता हवेच्या सुमारे ८० पट असते. समजा, तुमची एकूण धारिता ३२ पिकोफॅरड होती आणि ओलीमुळे तीत ३ पिकोफॅरडची भर पडली, तर अनुनाद १३.५६ वरून जवळजवळ १२.९७ मेगाहर्ट्झवर येतो. वेटोळ्याचा गुणांक (अनुनाद किती टोकदार आहे याचे माप) भारासह २० धरला, तर त्याचा वारंवारितेचा उपयोगी पट्टा पाऊण मेगाहर्ट्झहूनही अरुंद असतो. म्हणजे सरकलेला अनुनाद पट्ट्याच्या बाहेर पडला आणि वीज कोसळली.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. गुणांक जितका मोठा तितका दाब अधिक, म्हणून नवशिका माणूस जाड पट्टी, उत्तम तांबे आणि अचूक जुळवणी यांच्या मागे लागतो. पण वीज आणि संभाषण एकाच वेटोळ्यातून जायचे असते. कार्डाचे उत्तर मुख्य वारंवारितेच्या बाजूला, बँकेच्या कार्डांत ८४७.५ किलोहर्ट्झवर आणि एसटी२५डीव्ही ज्या मानकावर चालते त्यात ४२३.७५ किलोहर्ट्झवर उमटते. पट्टा फार अरुंद केला तर चिपला वीज भरपूर मिळते आणि तिचे उत्तर मात्र फोनपर्यंत पोहोचत नाही. भिंतीसारख्या जागेत, जिथे ऋतूप्रमाणे ओल बदलते, तिथे मी तर मुद्दाम गुणांक थोडा कमी ठेवीन आणि शिखरावरची थोडी वीज सोडून देईन. अनुनादही कोरड्या स्थितीत जरा वर, १३.९ किंवा १४ मेगाहर्ट्झला ठेवीन, म्हणजे भिंत भिजल्यावर तो खाली उतरून योग्य जागी येईल.

तांब्याच्या जाडीबद्दल : या वारंवारितेला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागापासून साधारण १८ मायक्रोमीटर खोलीतच वाहतो. पीसीबीवर नेहमी मिळणारा ३५ मायक्रोमीटरचा थर पुरेसा आहे, जाड थरासाठी पैसे घालवू नयेत.

तांब्याची तार

ग्राझकर, आपण न पाहता अचूक निदान केलेत. दुसरी पाटी गिलावा ओला असताना मुकी होती आणि तीन आठवड्यांनी आपोआप बोलू लागली. पहिल्या पावसात पुन्हा मुकी झाली. तिसऱ्या पाटीला मी पातळ प्लॅस्टिकची डबी केली, वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर हवा राहील अशी, आणि सांधे एपॉक्सीने बंद केले. सेन्सरचे तोंड तेवढे बाहेर ठेवले आणि त्यावर चुन्याची पूड आत जाऊ नये म्हणून टेफ्लॉनची जाळीदार चकती चिकटवली. ही पाटी गेल्या आषाढात एकदाही गप्प बसली नाही. अनुनाद वर ठेवण्याची कल्पना मला सुचली नव्हती, ती चौथ्या पाटीत करून पाहतो.

निफाडकर

धागा दोनदा वाचून काढला. माझा प्रश्न शेतीचा आहे. उन्हाळी कांदा आम्ही एप्रिल-मेमध्ये कांदाचाळीत भरतो आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने काढतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस आहे की साठवणीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहावी. प्रत्यक्षात श्रावणात झड लागली की चाळीच्या मधल्या भागात आर्द्रता कुठे जाते हे आम्हाला वास आल्यावरच कळते, आणि वास आला म्हणजे पाच-दहा क्विंटल हातचे गेलेले असतात.

मी दिवसातून एकदा चाळीवर जातो. तेव्हा फोन टेकवून मला त्या क्षणाचा आकडा मिळेल. पण कांदा सडतो तो रात्रीच्या दमटपणाने आणि लागोपाठच्या दिवसांनी. मी नसताना काय झाले, ते या सेन्सरला कसे कळणार? शिवाय सडलेल्या कांद्याचा वायू ओळखणारा सेन्सर यावर चालेल का? माझ्या पुतण्याने बाजारातून एमक्यू-१३५ नावाचा सेन्सर आणून ठेवला आहे.

तांब्याची तार

निफाडकर साहेब, आपण या तंत्राच्या नेमक्या मर्यादेवर बोट ठेवलेत. फोन नसताना बॅटरीविना चिप झोपलेलीच असते. तिला भूतकाळ नाही. माझ्या भिंतीला ते चालते, कारण भिंत आठवड्यांच्या हिशेबाने वाळते आणि मला रंगापूर्वी एकदा विचारायचे असते. चाळीला ते चालणार नाही.

तुमच्यासाठी मी मधला मार्ग सुचवतो. आत नाण्याएवढा सेल असू द्यावा, पण त्याच्यावर फक्त मोजणे आणि लिहिणे सोपवावे. वाचन पूर्णपणे फोनच्या विजेवर व्हावे. सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. चाळीचा मुक्काम पाच महिने, म्हणजे ३,६०० तास धरला, तर सरासरी ६० मायक्रोअँपिअरपर्यंत खर्च परवडतो. तासातून एकदा जागे होऊन मोजणारे यंत्र त्याचा लहानसा हिस्साच वापरते, त्यामुळे एक सेल काही हंगाम पुरायला हरकत नाही.

स्मृतीचा हिशेब मला विशेष आवडला, म्हणून तो मांडतो. ६४ किलोबिटच्या चिपमध्ये ८,१९२ बाइट असतात. तापमानाला एक आणि आर्द्रतेला एक असे दोनच बाइट वापरले, अर्धा अंश आणि अर्धा टक्का एवढी बारकाई ठेवली, तर तासाला एक नोंद या दराने दिवसाला ४८ बाइट होतात आणि १७० दिवस मावतात. वैशाखात भरलेल्या कांद्याची दिवाळीपर्यंतची प्रत्येक तासाची नोंद त्या नखाएवढ्या चिपमध्ये राहील. शिवाय मधेच सेल संपला तरी तोपर्यंतच्या नोंदी जात नाहीत, कारण त्या वाचायला वीज फोन देतो. ब्लूटूथच्या यंत्राचा सेल संपला की ते हाकेला उत्तर देत नाही; हे देते.

बांधणीबद्दल म्हणाल तर वेटोळे चाळीच्या बाहेरच्या पट्टीवर, हाताला लागेल असे ठेवावे आणि तिथून बारीक चार तारा पीव्हीसी नळीतून ढिगाच्या मध्यापर्यंत सेन्सरला न्याव्यात. वेटोळे ढिगात गाडू नये. चाळीला लोखंडी अँगल असतील तर वेटोळे त्यांच्यापासून दूर, लाकडी किंवा बांबूच्या पट्टीवर बसवावे. अगदीच नाइलाज असेल तर मधे फेराइटचा (वीज न वाहणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) पातळ ताव घालावा, म्हणजे क्षेत्र लोखंडात न शिरता फेराइटमधून वळते. फेराइट लावल्यावर इंडक्टन्स वाढते, म्हणून वेढे पुन्हा मोजावे लागतील.

एमक्यू-१३५ मात्र यावर चालणार नाही. त्यात तापणारी तार असते आणि ती ५ व्होल्टवर दीडशे मिलिअँपिअरच्या घरात वीज ओढते. फोनकडून मिळणाऱ्या विजेच्या ते कित्येक पट आहे, आणि सेलही एक-दोन तासांत बसेल.

पांढरा कोट

मी नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात काम करते. या तंत्राचा एक उपयोग आमच्या क्षेत्रातला आहे, तो सांगावासा वाटतो.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा इतकी नाजूक असते की इलेक्ट्रोडची चिकटपट्टी काढताना वरचा थर निघून येऊ शकतो. अशा बाळाच्या छातीवर, पोटावर, पायावर तारा असतात, आणि आईला बाळ कुशीत घ्यायचे असेल तर त्या सगळ्या सांभाळत घ्यावे लागते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत एक मऊ पट्टी छातीवर हृदयाचे विद्युत-आलेखन घेते आणि दुसरी तळपायावर प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहते. दोन्हींत बॅटरी नाही. गादीखाली ठेवलेल्या अँटेनातून १३.५६ मेगाहर्ट्झवर त्यांना वीज मिळते आणि त्याच मार्गाने माहिती बाहेर येते. बॅटरी नसल्यामुळे पट्टी पातळ आणि हलकी झाली, म्हणून तिला धरून ठेवायला जोरकस डिंक लागत नाही. माझ्या दृष्टीने या शोधाचा सर्वात मोठा लाभ तोच आहे.

एक गैरसमजही दूर करते. दंडावर लावायचा फ्रीस्टाइल लिब्रे (पहिली आवृत्ती) हा साखर मोजणारा सेन्सर फोनच्या विजेवर चालतो, असे रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा सांगतात. त्याच्या आत लहान सेल असतो, कारण त्याला चौदा दिवस अखंड मोजायचे असते. तो ८ तासांच्या नोंदी साठवतो आणि एनएफसीचा उपयोग त्या काढून घेण्यासाठी होतो. युरोपात तो २०१४ साली आला. निफाडकरांना सुचवलेली रचना आणि ही, दोन्ही एकाच जातीच्या आहेत, हे वाचताना लक्षात आले.

माझी एक शंका आहे. सिलिकॉनमध्ये ओतलेली पट्टी टेबलावर उत्तम चालते आणि अंगावर लावल्यावर मंदावते, असे आमच्या अभियांत्रिकीच्या सहकाऱ्यांनी अनुभवले. हे भिंतीसारखेच आहे का?

ग्राझकर

होय, बऱ्याच अंशी तेच आहे. शरीर म्हणजे खारट पाणी. ते धारिता वाढवते आणि क्षारांमुळे थोडी वीज शोषूनही घेते. चुंबकीय क्षेत्र शरीरातून बऱ्यापैकी पार होते, त्यामुळे अडचण मुख्यतः वेटोळ्याच्या जुळवणीची असते. त्वचा आणि वेटोळे यांच्यात दोन मिलिमीटर सिलिकॉन वाढवून पाहा. जुळवणी टेबलावर न करता, प्रति लिटर ९ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्याच्या पिशवीवर पट्टी ठेवून करावी. आम्ही पहिल्या चाचणीला तेवढेच करतो आणि ते बऱ्यापैकी खरे ठरते.

भिंगरी

मी मुलांच्या विज्ञान मंडळात हा प्रयोग घेऊ इच्छिते. दोन अडचणी आल्या. आयफोनवर थोड्या वेळाने वाचन आपोआप थांबते, आणि एका मुलाच्या अँड्रॉइड फोनवर तर चिप सापडतच नाही. तसेच एका पालकांनी विचारले की एवढी वीज मिळते, तर याच मार्गाने कानातली श्रवणयंत्रे भारता (चार्ज करता) येतील का?

तांब्याची तार

ताई, आयफोनवर वाचनाचे सत्र ६० सेकंदांनी बंद होते, ती रचनाच तशी आहे. तेवढ्यात मोजमाप उरकावे. अँड्रॉइडवर फोन चिपच्या शोधात वेगवेगळी मानके आळीपाळीने तपासतो आणि त्या दरम्यान क्षेत्र क्षणभर बंदही करतो, त्यामुळे मायक्रोकंट्रोलर पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ॲपमध्ये फक्त आपलेच मानक शोधायला सांगावे आणि चिप सापडल्यावर लगेच आकडा न वाचता पाव सेकंद थांबावे, म्हणजे सेन्सरला मोजायला अवकाश मिळतो. लिहिण्याच्या मध्यावर कोणी फोन उचलला तर अर्धवट आकडा राहतो. म्हणून आकड्यानंतर शेवटी एक क्रमांक लिहायचा आणि तो वाढलेला दिसला तरच आकडा खरा मानायचा. त्या मुलाच्या फोनच्या कव्हरमध्ये गाडीतल्या चुंबकी स्टँडची धातूची चकती आहे का, तेही पाहा. आयफोनचे वेटोळे वरच्या कडेला असते, बऱ्याच अँड्रॉइड फोनचे पाठीमागे मध्यावर; मुलांना फोन हळूहळू सरकवून जागा शोधू द्या.

श्रवणयंत्रांचे ग्राझकर अधिक नीट सांगतील.

ग्राझकर

एनएफसी फोरम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२० साली बिनतारी भारणासाठी वेगळे मानक प्रसिद्ध केले. त्यात याच अँटेनातून १ वॅटपर्यंत वीज देण्याची सोय आहे. दोन्ही उपकरणे आधी आपसांत बोलून किती वीज हवी ते ठरवतात, मग भारण होते आणि मधूनमधून ती पुन्हा विचारपूस करतात. लहान इअरफोन, लेखणी, श्रवणयंत्र यांना ते योग्य आहे. फोन भारणारे क्यूआय हे तंत्र शंभर-दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास चालते आणि त्याला मोठे, जाड वेटोळे लागते. श्रवणयंत्रात तेवढी जागा नसते. मात्र साध्या वाचनासाठी बनवलेला फोन आपोआप १ वॅट देत नाही. देणारे आणि घेणारे, दोन्ही त्या मानकाचे असावे लागतात.

निफाडकर

तासाला दोन बाइटांचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला. आमच्या दोन पाखी चाळीत प्रत्येक पाखीला तीन असे सहा सेन्सर लावायचे ठरवले आहे; मधल्या जागी एक, आणि वाऱ्याच्या व पावसाच्या बाजूला एकेक. पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो पीसीबी करतो म्हणाला. नऊ वेढ्यांची पाटी चाळीच्या सागवानी पट्टीवर बसवीन. धागाकर्त्यांनी आपल्या पाटीचे चित्र इथे टाकले तर आमचे काम सोपे होईल.

तांब्याची तार

साहेब, चित्र आणि मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम उद्या रात्रीपर्यंत इथे टाकतो. एक सूचना आताच करतो. आर्द्रतेचा सेन्सर बराच काळ शंभर टक्क्यांजवळ राहिला की त्याचा आकडा काही दिवस वर सरकलेला राहतो. माझ्या भिंतीत आषाढ-श्रावणात तो ९९ आणि १०० यांच्यातच घुटमळत होता आणि त्यातून काही कळत नव्हते. खरी माहिती आश्विनापासून मिळू लागली : आकडा पहिल्यांदा ९५ च्या खाली आला, मग दर आठवड्याला थोडाथोडा उतरत मार्गशीर्षात ७८ वर स्थिरावला. रंगाऱ्याला त्यानंतर बोलावले. चाळीत तुम्हाला शंभर गाठू द्यायचेच नाही, त्यामुळे तुमचे आकडे पहिल्या दिवसापासून कामाचे असतील. पण कांदा भरण्यापूर्वी सहाही सेन्सर एका बंद डब्यात, मीठ आणि थोडे पाणी कालवलेल्या वाटीशेजारी एक दिवस ठेवा. मिठाचा ओला लगदा बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर धरून ठेवतो. जो सेन्सर त्यापासून तीन-चार टक्क्यांहून दूर आकडा दाखवील, तो बाजूला काढा आणि चाळीत लावू नका.